फक्त कडेला बांधकाम: बर्लिनच्या टेम्पेलहोफ मैदानाचा प्रश्न

२५ मे २०१४ रोजी बर्लिनच्या मतदारांसमोर युरोपीय संसदेच्या निवडणुकीच्या मतपत्रिकेबरोबर आणखी एक मतपत्रिका ठेवण्यात आली. शहराच्या ऐन मध्यवस्तीतील टेम्पेलहोफ या बंद पडलेल्या विमानतळाचे मैदान आहे तसे मोकळे ठेवायचे, की त्याच्या कडेने घरे, कार्यालये आणि एक मोठे ग्रंथालय बांधायचे, हा त्या मतपत्रिकेवरचा प्रश्न होता. मतदारांनी मैदान मोकळे ठेवण्याच्या बाजूने कौल दिला आणि त्या कौलाचा थेट कायदा झाला. तीनशे हेक्टरांहून मोठे, म्हणजे मुंबईतील सुमारे २६ शिवाजी पार्क मावतील एवढे गवताळ रान एका राजधानीच्या पोटात शिल्लक राहिले. हे कसे घडले हे समजून घ्यायचे तर थोडी वनस्पतींची, थोडी पक्ष्यांची, थोडी हवामानाची आणि बरीचशी कायद्याची माहिती एकत्र पाहावी लागते, कारण या वादाची खरी गाठ 'फक्त कडेला' या दोन शब्दांत होती आणि ती कोणत्याही एकाच शास्त्राने सुटणारी नव्हती.

विमानतळाच्या जागी कुरण कसे तयार झाले, इथून सुरुवात करू. टेम्पेलहोफची जागा मुळात प्रशियाच्या सैन्याचे संचलनाचे मैदान होती. १९०९ मध्ये ऑर्व्हिल राइट यांनी तिथे विमानोड्डाणाची प्रात्यक्षिके दाखवली आणि १९२३ मध्ये तिथे रीतसर विमानतळ सुरू झाला. विमाने उतरणाऱ्या जागेची गरज साधी असते. झाडे नकोत, इमारती नकोत, उंच झुडपे नकोत, गवत मात्र चालते, आणि ते अधूनमधून कापले जाते. अशा जमिनीवर नांगर फिरत नाही, खत पडत नाही, कीटकनाशके फवारली जात नाहीत. त्यामुळे आजूबाजूचे शहर दाट होत गेले आणि शहराबाहेरची शेती यंत्रांची व रासायनिक खतांची झाली, तरी धावपट्ट्यांच्या मधली आणि भोवतालची जमीन अनेक दशके जवळजवळ एकाच अवस्थेत राहिली. कुंपणाने माणसांना बाहेर ठेवले होते आणि विमानांच्या सुरक्षेने झाडांना.

अशा कमी पोषक आणि बऱ्याच ठिकाणी वालुकामय जमिनीवर जे गवत वाढते त्याची किंमत सहज लक्षात येत नाही. खत मिळालेल्या सुपीक जमिनीवर दोनचार जोमदार गवतेच सगळी जागा व्यापतात आणि बाकीच्या वनस्पतींना सूर्यप्रकाश मिळू देत नाहीत. पोषण कमी असले की कोणालाच एवढा जोर धरता येत नाही. मग हळू वाढणारी, ठेंगणी, फुलणारी रोपे एकमेकांशेजारी नांदतात, आणि त्यांच्या आधाराने रानमाश्या, फुलपाखरे, नाकतोडे टिकतात. म्हणजे कुरणाच्या बाबतीत जमिनीची गरिबी हीच त्याची श्रीमंती असते. टेम्पेलहोफवर कोरड्या वाळूतील गवताळ पट्टे आहेत आणि उंच गवताची कुरणेही आहेत. जर्मनीच्या संघीय निसर्गसंरक्षण कायद्यात काही अधिवासांना, ते कोणाच्याही मालकीच्या जमिनीवर असले तरी, आपोआप संरक्षण मिळते. कोरड्या वाळूवरचे गवताळ पट्टे त्या यादीत येतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हे कुरण 'जंगली' असले तरी माणसाने हात काढून घेतला तर ते टिकणार नाही. बर्लिनच्या हवामानात मोकळी जमीन तशीच सोडली तर काही वर्षांत तिथे झुडपे येतात, मग भूर्जासारखी झाडे येतात आणि अखेरीस वन तयार होते. म्हणून गवत कापावेच लागते, पण ते कधी कापायचे आणि कापलेल्या गवताचे काय करायचे, यावर सगळे अवलंबून असते. फार लवकर कापले तर फुलांना बी धरता येत नाही आणि जमिनीवरची घरटी यंत्राखाली जातात. कापलेले गवत तिथेच पडू दिले तर ते कुजून जमीन सुपीक होते आणि पुन्हा त्या दोनचार दांडग्या गवतांचे राज्य सुरू होते. म्हणून गवत उशिरा कापायचे आणि वाळवून उचलून न्यायचे, ही या देखभालीतली मुख्य शिस्त आहे. संरक्षण म्हणजे कुंपण घालून विसरून जाणे नव्हे, हे ज्यांना कुरण सांभाळायचे आहे त्यांना पहिल्याच वर्षी कळते.

या मैदानाचा सगळ्यांत प्रसिद्ध रहिवासी म्हणजे चंडोल. उंच आकाशात एका जागी पंख फडफडवत सलग गाणारा हा पक्षी घरटे मात्र जमिनीवर, गवतातल्या एखाद्या खळग्यात करतो. जर्मनीत त्याची संख्या गेल्या काही दशकांत मोठ्या प्रमाणात घटली आहे आणि तेथील धोक्यातल्या पक्ष्यांच्या यादीत त्याचे नाव आहे. याचे मोठे कारण शेतीत आहे: हिवाळ्याआधी पेरलेले धान्य वसंतात इतके दाट आणि उंच वाढते की चंडोलाला घरट्यासाठी आणि चरण्यासाठी मोकळी जागाच उरत नाही. खेड्यातल्या शेतातून हुसकला गेलेला हा पक्षी महानगरातल्या बंद विमानतळावर सुखाने नांदतो, ही गोष्ट मला आपल्या काळाबद्दल फार काही सांगणारी वाटते.

चंडोलाच्या सवयीतच 'फक्त कडेला' या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. जमिनीवर घरटे करणाऱ्या पक्ष्याला सर्वांत मोठी भीती उंचावरून टेहळणी करणाऱ्या शिकाऱ्यांची असते. झाड, खांब, इमारत अशी कोणतीही उंच वस्तू म्हणजे कावळ्याला किंवा शिकारी पक्ष्याला बसायला जागा. त्यामुळे चंडोल अशा उंच आकृत्यांपासून बराच दूर राहतो आणि त्याला क्षितिज मोकळे लागते. याचा अर्थ असा की, मैदानाच्या कडेला इमारतींची रांग उभी राहिली तर नुकसान इमारतींच्या पायाखाली गेलेल्या जमिनीपुरते राहत नाही. इमारतीपुढचा रुंद पट्टाही, तिथले गवत जसेच्या तसे असले तरी, चंडोलाच्या दृष्टीने बाद होतो. नकाशावर कड ही एक रेष असते, पण पक्ष्याच्या लेखी ती आत सरकत जाणारी एक जाड पट्टी असते. मैदान जितके लहान, तितका त्या पट्टीने गिळलेला वाटा मोठा.

उरलेले अर्धे उत्तर हवेत आहे. उन्हाळ्याच्या दिवसांत काँक्रीट, डांबर आणि विटा दिवसभर उष्णता साठवतात आणि रात्रभर ती सोडत राहतात, त्यामुळे दाट वस्तीत पहाटेपर्यंत उकाडा टिकतो. मोकळे गवताळ मैदान याच्या उलट वागते. ते उष्णता फारशी साठवत नाही, आणि वर आकाश पूर्ण उघडे असल्यामुळे सूर्य मावळताच आपली उष्णता झपाट्याने अवकाशाकडे सोडून देते. त्यावरची हवा थंड होते, थंड हवा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरते आणि हळूहळू आजूबाजूच्या वस्त्यांमध्ये शिरते. टेम्पेलहोफच्या पूर्वेला नॉयकोल्नचा दाट वस्तीचा भाग आहे. उकाड्याच्या रात्री अशा वस्तीला या थंड हवेचा किती आधार असतो हे सांगायला नको. आता या मैदानाच्या कडेने चारपाच मजली इमारतींची भिंत उभी राहिली तर आतले मैदान पूर्वीइतकेच थंड होईल, पण ती हवा बाहेर पडण्याचा मार्ग अडेल. इमारतींमध्ये फटी ठेवून हा अडसर कमी करता येतो, हे खरे आहे आणि नियोजनकारांनी तो मुद्दा मांडलाही होता. तरी कडेवरच्या बांधकामाचा परिणाम कडेपुरता राहत नाही, हे इथेही तितकेच लागू पडते.

आता लोकांकडे वळू. ३० ऑक्टोबर २००८ रोजी टेम्पेलहोफवरून शेवटचे विमान उडाले. तो विमानतळ चालू ठेवावा म्हणून त्याच वर्षी एप्रिलमध्ये एक सार्वमत झाले होते. मतदान करणाऱ्यांपैकी बहुसंख्यांनी 'चालू ठेवा' असे म्हटले, पण कायद्याने ठरवलेली किमान मतांची अट पूर्ण न झाल्याने तो प्रस्ताव फेटाळला गेला. ही अट पुढे पुन्हा महत्त्वाची ठरणार आहे. विमाने थांबली, पण कुंपण तसेच राहिले. शेजारच्या रहिवाशांना एवढे मोठे मैदान रोज जाळीपलीकडून दिसत होते आणि आत पाऊल टाकता येत नव्हते. जून २००९ मध्ये हजारो लोकांनी कुंपण ओलांडून मैदानात शिरण्याचा जाहीर प्रयत्न केला आणि मोठ्या पोलीस बंदोबस्ताने त्यांना रोखले. मे २०१० मध्ये अखेर मैदान सर्वांसाठी उघडण्यात आले.

उघडल्यानंतर जे झाले ते कोणत्याही आराखड्यात नव्हते. जुन्या धावपट्ट्यांवर लोक सायकली आणि चाकांचे बूट घेऊन धावू लागले, वाऱ्याचा जोर पाहून पतंग उडवू लागले, चाकांच्या फळीला शीड लावून धावपट्टीवरून सुसाट जाऊ लागले. २०११ पासून पूर्वेच्या बाजूला शेजाऱ्यांनी मिळून बाग केली. तिथे जमीन न खोदता लाकडी खोक्यांत माती भरून भाज्या आणि फुले लावतात. माझ्या मते या मैदानाच्या संरक्षणाला धावपट्ट्यांच्या काँक्रीटचा अनपेक्षित हातभार लागला. गर्दी आपोआप त्या पक्क्या पट्ट्यांवर राहते आणि मधले गवत पक्ष्यांसाठी मोकळे राहते. एखादे कुरण लोकांना खुले करायचे असेल तर लोकांना कुठे जायला आवडेल अशी जागा आधीच देणे, हा पुष्कळ पाट्या लावण्यापेक्षा परिणामकारक उपाय आहे.

मैदान उघडले म्हणून ते वाचले असे मात्र झाले नाही. बर्लिनच्या सरकारचा आराखडा असा होता की मधला सुमारे २३० हेक्टरांचा भाग मोकळा ठेवायचा आणि कडेला सुमारे ४,७०० घरे, कार्यालये व नवे मध्यवर्ती ग्रंथालय बांधायचे. हा आराखडा निर्दय नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. बर्लिनची लोकसंख्या वाढत होती, भाडी चढत होती, आणि शहराच्या मध्यावर सरकारच्याच मालकीची जमीन होती. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे असे होते की ही घरे सामान्यांना परवडतील याची बांधील हमी आराखड्यात नाही, घरांसाठी शहरात इतर जागा आहेत, आणि एकदा बांधलेली कड पुन्हा मोकळी करता येत नाही. २०११ मध्ये 'शंभर टक्के टेम्पेलहोफ मैदान' या नावाने नागरिकांचा पुढाकार उभा राहिला. त्याची मागणी नावातच होती: थोडे कमी, थोडे जास्त असा सौदा नाही, सगळे मैदान.

या ठिकाणी बर्लिनची कायदेशीर व्यवस्था समजून घ्यावी लागते, कारण तिच्याशिवाय हा लढा निदर्शनांपुरताच राहिला असता. बर्लिन हे शहर आहे आणि त्याच वेळी जर्मन संघराज्यातील एक राज्यही आहे. त्यामुळे तिथली प्रतिनिधी सभा ही एका अर्थाने विधानसभा आहे आणि तिला राज्याचे कायदे करता येतात. बर्लिनच्या राज्यघटनेनुसार नागरिकांनाही स्वतः कायद्याचा मसुदा लिहून तो मताला टाकता येतो, मात्र त्यासाठी तीन पायऱ्या चढाव्या लागतात. आधी २०,००० पात्र मतदारांच्या सह्या गोळा करून मसुदा दाखल करायचा. प्रतिनिधी सभेने तो स्वीकारला नाही तर चार महिन्यांच्या आत एकूण मतदारांच्या ७ टक्के लोकांच्या सह्या मिळवायच्या. टेम्पेलहोफच्या वेळी हा आकडा सुमारे १ लाख ७४ हजार होता. तोही टप्पा पार पडला तर सार्वमत होते, आणि त्यात दोन अटी असतात: झालेल्या मतदानात बहुमत मिळाले पाहिजे, आणि ते बहुमत एकूण मतदारांच्या किमान २५ टक्के भरले पाहिजे. लोक मतदानालाच आले नाहीत तर बहुमत असूनही प्रस्ताव पडतो. २००८ मध्ये विमानतळवाद्यांचे नेमके हेच झाले होते.

सह्यांची मुख्य मोहीम सप्टेंबर २०१३ ते जानेवारी २०१४ या काळात, म्हणजे ऐन हिवाळ्यात चालली. बाजारात, स्थानकांबाहेर, कडाक्याच्या थंडीत कार्यकर्ते उभे राहिले. प्रत्येक सही मतदारयादीशी ताडून पाहिली जाते आणि पत्ता किंवा जन्मतारीख चुकली तरी ती बाद होते, म्हणून आकड्यापेक्षा पुष्कळ जास्त सह्या गोळा कराव्या लागतात. अखेर १ लाख ८५ हजारांहून अधिक सह्या वैध ठरल्या. यावर प्रतिनिधी सभेने स्वतःचा पर्यायी कायदाही मतदानाला ठेवला: मधले मैदान कायमचे मोकळे, कडेला मर्यादित बांधकाम. अशी व्यवस्था बर्लिनच्या घटनेत आहे, आणि ती मला न्याय्य वाटते, कारण त्यामुळे मतदाराला 'होय' आणि 'नाही' यांच्यापलीकडे दोन प्रत्यक्ष प्रस्तावांची तुलना करता येते. मतदान युरोपीय निवडणुकीच्याच दिवशी असल्यामुळे ४६ टक्के मतदार आले. नागरिकांच्या मसुद्याला ६४.३ टक्के मते मिळाली आणि ती एकूण मतदारांच्या जवळजवळ ३० टक्के भरली. सभेच्या पर्यायाला निम्मीही मते मिळाली नाहीत.

जून २०१४ मध्ये अमलात आलेल्या या कायद्याचा गाभा असा आहे: मैदान विकायचे नाही, त्यावर बांधकाम करायचे नाही, आणि ते सर्वांसाठी विनामूल्य खुले ठेवायचे. कायद्याने मैदानाचे दोन भाग केले. मधले विस्तीर्ण कुरण बहुतांशी जसे आहे तसे ठेवायचे. त्याभोवतालच्या बाहेरच्या कड्यात बाके, स्वच्छतागृहे, खेळाच्या जागा, बागा यांना थोडी मुभा द्यायची. यातली दूरदृष्टी अशी की ज्या कडेवरून वाद पेटला ती कडच मधल्या कुरणाचे कवच ठरवली गेली. कायद्याने आणखी एक काम सरकारवर सोपवले, ते म्हणजे नागरिकांबरोबर बसून विकास आणि देखभालीचा आराखडा तयार करण्याचे. तो २०१६ मध्ये पूर्ण झाला. त्यानंतर निवडून दिलेले नागरिक प्रतिनिधी आणि प्रशासनाचे लोक मिळून मैदानाच्या कामकाजावर चर्चा करतात. वसंत आणि उन्हाळ्यात, पिल्लांच्या मोसमात, काही कुरणे दोऱ्या व पाट्या लावून बंद ठेवली जातात. कुत्र्यांना सोडण्यासाठी वेगळ्या जागा आखून दिल्या आहेत. सूर्यास्तानंतर मैदानाची दारे बंद होतात. पतंग उडवणारा, बाग करणारा, पक्षीनिरीक्षक आणि कुत्रा फिरवणारा यांना एकच जागा हवी असते, आणि त्यांच्यातले रोजचे वाद या नियमांनी मिटतात असे नाही, पण ते मांडायला एक टेबल मात्र असते.

दोन गोष्टी या यशाच्या हिशेबात जमा धराव्या लागतात, जरी त्या सुखावह नसल्या. पहिली म्हणजे मैदान उघडल्यावर त्याला लागून असलेल्या नॉयकोल्नच्या गल्ल्यांमधली घरे हवीहवीशी झाली आणि भाडी वाढली. ज्यांनी कुंपण हटवायची मागणी केली त्यांतल्या काहींना त्या शेजारात राहणेच कठीण झाले. मोकळी जागा वाचवताना भाडेकरूंचे संरक्षण त्याच वेळी केले नाही, तर जागेचा लाभ नव्याने येणाऱ्यांना जास्त होतो. दुसरी गोष्ट कायद्याच्या स्वरूपाची आहे. सार्वमताने झालेला कायदा हा इतर कायद्यांसारखाच असतो. प्रतिनिधी सभेला तो साध्या बहुमताने बदलता येतो. २०१५ मध्ये जर्मनीत मोठ्या संख्येने निर्वासित आले, त्यांतल्या अनेकांना टेम्पेलहोफच्या हँगरमध्ये, म्हणजे विमाने ठेवण्याच्या जुन्या शेडमध्ये, आसरा देण्यात आला, आणि जानेवारी २०१६ मध्ये सभेने कायदा बदलून मैदानाच्या कडेवर निर्वासितांसाठी तात्पुरत्या निवाऱ्यांना मुदतबंद परवानगी दिली. माणसांना छप्पर देण्याचे ते कारण योग्यच होते असे मला वाटते, पण दरवाजा उघडता येतो हेही त्यातून स्पष्ट झाले.

आपल्याकडच्या वाचकाला या प्रकरणातला सर्वांत ओळखीचा भाग कायद्याचा वाटणार नाही, तर 'रिकाम्या' जागेबद्दलच्या समजुतीचा वाटेल. महाराष्ट्रातली माळराने सरकारी नोंदीत अनेकदा पडीक म्हणून गेली आणि तिथे झाडे लावणे म्हणजे निसर्गसेवा मानली गेली. पुण्याच्या टेकड्यांवर एकेकाळी ग्लिरिसिडियासारखी परदेशी झाडे मोठ्या प्रमाणावर लावली गेली आणि त्यांच्या सावलीत मूळचे गवत व त्यात फुलणाऱ्या वनस्पती मागे पडल्या. वेताळ टेकडी वाचवण्यासाठी पुणेकर रस्त्यावर उतरले तेव्हा त्यांच्यापाशी बर्लिनसारखा सार्वमताचा मार्ग नव्हता. भारतात शहर पातळीवर नागरिकांना कायद्याचा मसुदा मताला टाकता येत नाही. आपल्याकडे विकास आराखड्यावर ठरलेल्या मुदतीत हरकती आणि सूचना देणे, सुनावणीला हजर राहणे, आणि ते अपुरे पडले तर न्यायालयात जाणे, एवढीच साधने आहेत. ही साधने दुबळी आहेत, पण हरकत नोंदवताना 'झाडे तोडू नका' एवढेच लिहिण्याऐवजी 'इथे गवताळ अधिवास आहे, त्याच्या कडेवरचे बांधकाम आतल्या भागावरही परिणाम करील' असे कारणांसह लिहिले, तर त्या हरकतीला उत्तर देणे प्रशासनाला भाग पडते.

टेम्पेलहोफचा प्रश्न मिटलेला नाही. २०२३ मध्ये सत्तेवर आलेल्या आघाडीने घरांच्या टंचाईचे कारण देऊन कडेवरच्या मर्यादित बांधकामाचा विषय पुन्हा चर्चेला आणला. २०२४ मध्ये सोडतीने निवडलेल्या नागरिकांच्या कार्यशाळा झाल्या, त्यांतही मैदान मोकळे ठेवावे हाच सूर ठळक होता, आणि त्यापाठोपाठ मैदानाच्या भवितव्याबद्दल कल्पना मागवणारी स्पर्धा घेण्यात आली. प्रतिनिधी सभेने कायदा बदलायचे ठरवले तर तिला साधे बहुमत पुरेसे आहे; आणि तसे झाले तर मैदानाच्या बाजूने उभ्या राहणाऱ्यांना पुन्हा पहिल्या २०,००० सह्यांपासून सुरुवात करण्याचा मार्ग मोकळा आहे.